एसीचा गॅस ‘संपतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ एप्रिल उजाडला की कोल्हापुरात गाडीवाल्यांच्या कानावर हे वाक्य पडतंच. गॅस भरला की पंधरा दिवस, फार तर एखादा हंगाम गार हवा मिळते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच वाक्य आणि पुन्हा तेच बिल. आपणही निमूट पैसे देतो, कारण ‘गॅस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातलं सिलिंडर येतं. शेगडी पेटली की गॅस जळतो आणि महिना-दीड महिन्यात सिलिंडर रिकामं होतं. गाडीचंही तसंच असणार, असं वाटून जातं.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, तसं नसतं. एसीतला गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं गोल फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेलेला आहे. रबरी होजमधून अगदी थोडासा झिरपतो हे खरं, पण एका वर्षात एसी बंद पडावा इतका नाही. म्हणून ‘गॅस भरा’ याच्या आधी ‘गळती कुठे आहे?’ हा प्रश्न यायला हवा. हा प्रश्न विचारण्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. आपण वर्गात शिकवतो ते बाष्पीभवन आणि संघनन नीट समजलेलं असलं की पुरतं.

लेखाचं निमित्त म्हणजे एका पालकांची जुनी मिनीबस. मागच्या काही सीटा काढून त्यांनी तिथे लाकडी बाकं, गाद्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलंय. पंढरपूर, गाणगापूर, कधी कोकण. सुट्टीत सगळं घर त्यातून निघतं. अशा गाडीला आता कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आमच्याकडची पोरं मात्र तिला सरळ ‘फिरतं घर’ म्हणतात. या फिरत्या घराच्या डॅशबोर्डमधला एसी दोन उन्हाळे गॅस भरूनही गार होईना, तेव्हा ती गाडी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये उघडली गेली आणि मला ते बघायला मिळालं.

गारवा येतो कुठून?

वर्गात आपण काय करतो? मुलांच्या हातावर सॅनिटायझरचा थेंब टाकतो आणि फुंकर मारायला सांगतो. हात गार पडतो. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती उष्णता तो आपल्या कातडीतून घेतो. माठातलं पाणी याच कारणाने गार होतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. चकाकणारा रंग दिलेला माठ गार का होत नाही, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा, छान उत्तरं येतात.

एसीत हेच घडतं. फरक इतकाच, की माठातून उडालेलं पाणी हवेत जातं आणि एसीत उडालेली वाफ पकडून पुन्हा तिचा द्रव केला जातो. त्यासाठी दाबाची गोष्ट समजून घ्यावी लागते.

पाणी १०० अंशाला उकळतं असं आपण सांगतो, ते समुद्रकिनाऱ्यावर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, पन्हाळ्यावर ९७ च्या आसपास. वर हवेचा दाब कमी म्हणून उकळणं सोपं. कुकरमध्ये उलटं होतं: दाब वाढतो, पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जातं आणि डाळ लवकर शिजते. म्हणजे दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो, दाब वाढवला की जास्त तापमानाला. एसीची सगळी करामत या एका वाक्यात आहे.

सध्याच्या बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये आर-१३४ए नावाचा गॅस असतो. बाटलीतून उघड्यावर सोडला तर तो उणे २६ अंशांनाच उकळतो. गाडीत त्याला दोन वेगवेगळ्या दाबांखाली ठेवतात. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते, तिथे दाब साधारण ३० पीएसआय ठेवला जातो. या दाबाला हा गॅस सुमारे २ अंशांना उकळतो. गाडीतली हवा असते ३५ अंशांची. कॉइलवरून ती हवा गेली की आतला द्रव उकळून वाफ होतो आणि हवेची उष्णता शोषून घेतो. आपल्या तोंडावर येते ती उष्णता काढून घेतलेली हवा.

मग ही वाफ इंजिनच्या बेल्टवर फिरणाऱ्या कंप्रेसरमध्ये जाते. तो तिला दाबून २०० पीएसआयच्या आसपास नेतो. आता या दाबाला ती वाफ ५४-५५ अंशांनाच पुन्हा द्रव होऊ शकते. रेडिएटरच्या पुढे जी जाळी दिसते ती कंडेन्सर. बाहेर ३८ अंशांचं रणरणतं ऊन असलं तरी ३८ हे ५५ पेक्षा कमीच, त्यामुळे उष्णता गॅसमधून बाहेरच्या हवेत जाते आणि वाफेचा द्रव होतो. तो द्रव ड्रायरमधून, म्हणजे ओलावा आणि कचरा अडवणाऱ्या डब्यातून, एका बारीक छिद्राच्या वॉल्व्हपाशी येतो. छिद्रातून पलीकडे गेला की दाब एकदम पडतो आणि पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये उकळायला तयार.

मुलांना हे समजावताना मला आपल्याकडचा उपसा पंप फार उपयोगी पडला. पंचगंगेचं पाणी आपणहून चढावरच्या उसाला जात नाही, उताराकडेच धावतं. वर न्यायचं तर मोटार लागते. उष्णताही आपणहून गरमाकडून गारकडेच जाते. गाडीतल्या ‘खालच्या’ उष्णतेला बाहेरच्या ‘वरच्या’ उन्हात नेऊन टाकायचं तर पंप हवाच, आणि तो पंप म्हणजे कंप्रेसर. एसी गारवा ‘तयार करतो’ असं आपण बोलतो खरं, पण तो उष्णता उपसून बाहेर टाकतो. उपसा पंपाला जशी वीज, तसं एसीला डिझेल लागतं. म्हणून एसी लावला की चढाला गाडी जड वाटते.

फिरत्या घराची वेगळी अडचण

डॅशबोर्डचा एसी मुळात चालक आणि शेजारची सीट एवढ्यासाठी असतो. मिनीबसमध्ये मागच्या प्रवाशांसाठी छतावर वेगळी यंत्रणा असते. घर करताना बरेचजण ती काढून टाकतात आणि मग पुढच्या एवढ्याशा एसीकडून आठ-दहा माणसांना गार करायची अपेक्षा धरतात. वर पत्र्याचं छत, मोठ्या काचा. इथे एसी बिघडलेलाच नसतो, त्याला झेपत नसतं एवढंच. चालकाच्या मागे जाड पडदा लावायचा, काचांना पडदे किंवा फिल्म लावायची, सुरुवातीला पाच मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून तापलेली हवा बाहेर घालवायची आणि मग आतलीच हवा फिरवणारं बटण दाबायचं. यात एक रुपयाचाही पार्ट लागत नाही.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. अशी गाडी वर्षातून चार वेळा निघते आणि बाकी दिवस दारात उभी असते. कंप्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे एक सील असतं. ते ओलं राहतं आतल्या तेलामुळे, आणि ते तेल गॅसबरोबर फिरतं. एसी महिनोन्महिने लावलाच नाही की सील कोरडं पडतं, आकसतं आणि तिथून गॅस निसटायला लागतो. वापरली नाही म्हणून वस्तू टिकेल, हा आपला हिशेब इथे चुकतो. पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी लावायचा, पावसाळ्यातसुद्धा. पावसाळ्यात तर त्याचा दुहेरी फायदा. एसी हवेतला ओलावा काढून टाकतो, त्यामुळे गगनबावड्याच्या घाटात काचेवर आतून साचणारं धुकं लगेच जातं. इंजिन मात्र उघड्यावर चालू करा, बंद शेडमध्ये नको, धूर जीवघेणा असतो.

बिघाड ओळखताना

गॅरेजला जाण्याआधी घरच्या घरी बघण्यासारखं बरंच असतं. हवाच येत नसेल तर प्रश्न गॅसचा नाहीच. ब्लोअर, फ्यूज किंवा फिल्टर बघायचा. पंखा फक्त सगळ्यात मोठ्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर बंद, असं असेल तर बहुतेक वेळा ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला असतो. छोटा पार्ट आहे.

हवा येते पण गार नाही, तेव्हा बॉनेट उघडून लांबूनच कंप्रेसरकडे बघा. एसीचं बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन पुढची चकती पुलीबरोबर फिरायला लागली पाहिजे. तो क्लच. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, वायर यांपैकी काहीतरी असू शकतं (उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर ही आपल्याकडे नेहमीचीच गोष्ट), नाहीतर गॅस इतका कमी झालाय की दाबाचा स्विच कंप्रेसरला चालूच होऊ देत नाही. हे बघताना ओढणी, पदर, मोकळे केस आणि लहान मुलं बेल्टपासून लांब. कंडेन्सरचा पंखा तर न सांगता एकदम चालू होतो.

हायवेला गार, पण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं राहिलं की गरम? मग कंडेन्सरवरून हवा जात नाहीये. पळत्या गाडीत वारा आपोआप लागतो, थांबल्यावर पंख्याने ते काम करायचं असतं. पंखा बंद असेल किंवा जाळी बुजली असेल. आपल्या भागात गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी चालवली की पाचटाचे तुकडे आणि धूळ त्या जाळीत जाऊन बसते. साध्या नळाच्या पाण्याने, हलक्या धारेने ती धुता येते. प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्र्या वाकतात आणि होती तेवढी वाटही बंद होते.

सुरुवातीला छान गार, तासाभराने हवाच कमी, आणि थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा ठीक, असं झालं तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. जुन्या गाडीत आणखी एक फसवं दुखणं असतं. हीटरचा वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डमध्ये फिरत राहतं. एसी बिचारा गार करतोय आणि शेजारी हीटर गरम करतोय! असल्या गाडीत कितीही गॅस भरा. आणि गाडीखाली पाण्याचे थेंब पडत असतील तर घाबरू नका, ते हवेतलं संघनन झालेलं पाणी आहे, बर्फाच्या पेल्याबाहेर जमतं तसं. तेच पाणी पायाशी आत पडायला लागलं तर बाहेर जाणारी नळी तुंबलीय.

या मिनीबसमध्ये यातलं काहीच नव्हतं. मेकॅनिकदादांनी कंप्रेसरच्या पुढच्या बाजूला बॅटरी रोखली. तिथे तेलकट डाग होता आणि त्यावर धुळीचा थर चिकटला होता. ते म्हणाले, “मॅडम, ग्यास डोळ्याला दिसत न्हाई, पण त्याच्यासंगं त्याल येतंय. त्याल दिसलं की समजायचं, ग्यास हितनंच जातोय.” तरी त्यांनी नुसत्या डागावर भागवलं नाही. यंत्रणेत नायट्रोजन भरून दाब दिला आणि सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला. सीलपाशी बुडबुडे आले, आणि पुढे एका जोडावरही बारीक बुडबुडे दिसले. सायकलच्या पंक्चरवाल्याची पद्धत, फक्त पाण्याच्या घमेल्याऐवजी साबण. दोन वर्षं भरलेला गॅस या दोन जागांतून गेला होता.

सील बदललं, जोडातली रबरी रिंग बदलली. यंत्रणा उघडली म्हणून ड्रायरही नवा बसवला, कारण उघड्या हवेत तो ओलावा शोषून बसतो. मग व्हॅक्यूम पंप लावला आणि तो अर्ध्या तासापेक्षा जास्त चालू ठेवला. हे काम बरेचदा घाईत उरकलं जातं, म्हणून सांगते. आत ओलावा राहिला तर तो त्या बारीक छिद्रापाशी गोठून वाट अडवतो, शिवाय तेलाबरोबर आम्ल होऊन आतले भाग खातो. पण बंद नळ्यांतलं पाणी काढणार कसं? उकळवून! दाब नेहमीच्या हवेच्या दाबाच्या चोविसाव्या भागाइतका खाली आणला की पाणी ३० अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन पंपावाटे निघून जातं. पन्हाळ्यावर ९७ अंशांना उकळणारं पाणी आणि ही व्हॅक्यूमची गोष्ट एकच आहे. पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर टिकतो का हेही थांबून पाहायचं. काटा हलला तर अजून गळती शिल्लक आहे.

त्यानंतरच गॅस भरला, तोही वजन करून. ‘जरा जास्तच भरा’ असं सांगणारे आपल्यात बरेच असतात. जास्त गॅस भरला की कंडेन्सरमध्ये वाफेला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो.

गॅरेजमध्ये पालकांनी विचारायचे प्रश्न खरं तर मोजकेच आहेत. गळती कुठे सापडली, मला दाखवाल का? व्हॅक्यूम किती वेळ केला? गॅस कोणता आणि किती ग्रॅम भरला? सिलिंडरवरचं नाव स्वतः वाचा. स्वस्तात म्हणून दुसरा कुठला ज्वलनशील गॅस भरून घेणं हे माणसं बसणाऱ्या गाडीत फार धोक्याचं, आणि फिरत्या घरात तर आत शेगडी पेटते. गॅसच्या नळ्या मात्र घरी कुणी उघडू नयेत. द्रव गॅस डोळ्यात किंवा हातावर उडाला तर क्षणात हिमदंश होतो.

गळालेला गॅस जातो कुठे?

पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असायचा. गाडी खूपच जुनी असेल तर आधी तो कुठल्या गॅससाठी बनलेला एसी आहे ते बघावं लागतं, कारण दोन्ही गॅसचं तेल वेगळं आणि गॅस भरायची तोंडंही वेगळी. आर-१२ विषारी नव्हता, पेट घेत नव्हता, म्हणून सगळ्यांना आवडला. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की असे गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी आली आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. आपण शाळेत १६ सप्टेंबरला ओझोन दिन साजरा करतो तो यामुळे. मुलं पृथ्वीला छत्री धरलेलं चित्र काढतात, त्या चित्रात गाडीचा एसी कुठे असतो हे मात्र सहसा सांगायचं राहून जातं.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट जोरकस आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली.

यावर वरच्या वर्गांसाठी एक चांगलं गणित होतं. छोट्या कारच्या एसीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. तेराशे पट धरला तर तो सगळा गळणं म्हणजे ६५० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ६५० भागिले २.३ म्हणजे सुमारे २८० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४,२०० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला पाच-सहा वेळा जाऊन येण्याइतकं. मुलांना उत्तर आधी सांगू नका, अंदाज करायला लावा.

प्रात्यक्षिक करायचं असेल तर प्रयोगशाळेतला थर्मामीटर घ्या. तापाचा चालणार नाही, तो ३५ च्या खाली दाखवत नाही. एकाच्या टोकाला ओला कापूस गुंडाळायचा, दुसरा कोरडा ठेवायचा आणि दोन्हींना वहीने वारा घालायचा. पाच मिनिटांनी दोघांची नोंद करायची. हाच प्रयोग एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैमध्ये करा. जुलैत फरक खूपच कमी येतो, आणि ‘पावसाळ्यात माठ गार का होत नाही?’ हा प्रश्न पोरं आपणहून विचारतात. शाळेत कुणाची एसी गाडी येत असेल तर चालकदादांना विनंती करून कोरडा थर्मामीटर एसीच्या झडपेसमोर धरून बघा. चांगला एसी असेल तर बाहेर ३५-३६ अंश असताना तिथे १० च्या आसपास आकडा दिसतो. आमच्या फिरत्या घरात दुरुस्तीनंतर ९ आला, आणि चौथीतल्या एकाने लगेच विचारलं, “मग उरलेली गरमी कुठं गेली?” त्याला गाडीच्या पुढे नेऊन कंडेन्सरच्या पंख्याकडून येणाऱ्या हवेजवळ, हात लांब ठेवून, उभं केलं.